मक्ता, मर्जी आणि कारण

१

‘मक्तेदारी’ हा शब्द आज आपण इंग्रजीतील ‘मोनोपॉली’च्या अर्थाने सर्रास वापरतो. बाजारात एकच विक्रेता उरला की त्याची मक्तेदारी झाली, असे म्हणतो. परंतु या दोन शब्दांची घडण तपासली तर त्यांच्यातील अंतर ध्यानात येते. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द फक्त ‘एकटा विकणारा’ एवढेच सांगतो. मराठी शब्द मात्र ‘मक्ता’ या शब्दावर उभा आहे. ठरावीक रकमेच्या बोलीवर सोपवलेले काम किंवा उत्पन्नाचा हक्क म्हणजे मक्ता; तो घेणारा मक्तेदार; आणि त्याला मिळालेला एकट्याचा अधिकार ती मक्तेदारी. याचा अर्थ असा की मक्तेदारी रानातल्या गवतासारखी आपोआप उगवत नाही, ती कुणीतरी कुणाला तरी दिलेली असते. घेणाऱ्याच्या पाठीमागे उभा असलेला देणारा आपल्या भाषेने या शब्दात नकळत जपून ठेवला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा देणारा आहे. एखाद्या संस्थेने, मग ती सरकार असो, लष्कर असो, नगरपालिका असो की महाविद्यालय, इतर कुणालाही न विचारता एकाच पुरवठादाराकडून माल किंवा सेवा विकत घ्यावी काय? घ्यावी तर केव्हा? प्रश्न वरवर पाहता हिशेबनीसांचा वाटतो. आम्ही तर मराठी शिकवणारे. अर्थशास्त्र किंवा कायदा हा आमचा प्रांत नव्हे. परंतु महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी खरेदी समितीवर बसावेच लागते, तुलनात्मक तक्त्यावर सही करावी लागते आणि त्या सहीमागे आपण नेमके कशाला साक्षी राहिलो, हा प्रश्न मागाहून छळत राहतो. त्या प्रश्नाचा माग काढीत आम्ही इतिहासात गेलो, तेव्हा असे दिसले की या प्रश्नाला किमान अडीचशे वर्षांची परंपरा आहे, आणि त्याचे जे उत्तर आपण आज गृहीत धरतो, म्हणजे ‘स्पर्धा असली की झाले’, ते इतिहासाच्या कसोटीवर पुरेसे उतरत नाही.

२

सुरुवात कलकत्त्यापासून करू. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगाल आणि बिहारमधील अफूचा व्यापार ईस्ट इंडिया कंपनीच्या एकाधिकाराखाली आणला. व्यवस्था साधारण अशी होती : कंपनी एका कंत्राटदाराला अफूचा मक्ता देई; तो रयतेकडून अफू गोळा करून ठरलेल्या दराने पेट्या भरून कंपनीच्या हवाली करी; आणि कंपनी त्या पेट्या कलकत्त्यात जाहीर लिलावात व्यापाऱ्यांना विकी. म्हणजे विकताना कंपनीला स्पर्धेचे मोल पुरेपूर ठाऊक होते. प्रश्न विकत घेतानाचा होता.

त्याबाबतही लंडनमधील संचालक मंडळाचे आदेश संदिग्ध नव्हते. सर्व कंत्राटांची जाहीर सूचना द्यावी, आलेल्या प्रस्तावांपैकी सर्वांत वाजवी असेल तो स्वीकारावा, आणि सैन्याची रसद व ओझ्याचे बैल यांची कंत्राटे दर वर्षी नव्याने द्यावीत, असे त्यांनी फोर्ट विल्यमच्या कौन्सिलला वारंवार बजावले होते. आजच्या निविदा-पद्धतीचा सगळा सांगाडा या आदेशात आहे.

प्रत्यक्षात काय घडले? १७७९ मध्ये बैलांचे कंत्राट चार्ल्स क्रॉफ्ट्स या कंपनीच्याच हिशेब खात्यातील अधिकाऱ्याला एकदम पाच वर्षांसाठी मिळाले. इतर इलाख्यांना धान्य पुरवण्याचे काम कौन्सिलचा सचिव ऑरिओल याच्याकडे गेले, ते खर्चावर १५ टक्के दलालीच्या बोलीवर. फोर्ट विल्यमच्या शिबंदीसाठी सामानसुमान घेण्याचे काम हेस्टिंग्जचा खासगी सचिव बेली याला मिळाले, आणि तेथे दलाली होती ३० टक्के. खर्चावर टक्केवारी म्हणजे काय, हे समजायला गणिती असण्याची गरज नाही. जो जास्त खर्च करील त्याला जास्त मिळेल. काटकसर करणाऱ्याचे नुकसान होईल. ज्याने भाव पाडायचा, त्याचेच हित भाव चढण्यात गुंतवून ठेवण्याची ही किमया होती.

या मालिकेतील सर्वांत गाजलेले प्रकरण १७८१ चे. त्या वर्षी अफूचा मक्ता कोणतीही जाहिरात न देता चार वर्षांसाठी स्टीफन सलिव्हन या तरुणाला देण्यात आला. त्याचे वडील लॉरेन्स सलिव्हन हे कंपनीच्या संचालक मंडळातील बडे प्रस्थ होते आणि त्याच सुमारास कंपनीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. ज्यांच्या आदेशाने जाहिरात आवश्यक होती, त्यांच्याच प्रमुखाच्या मुलासाठी ती अनावश्यक ठरली. पुढचा भाग अधिक बोलका आहे. सलिव्हनने मक्ता स्वतः चालवला नाही. त्याने तो बेन नावाच्या गृहस्थाला ४० हजार पौंडांना विकला, आणि बेनने तो यंग नावाच्या तिसऱ्यास ६० हजार पौंडांना. शेवटच्या माणसालाही त्यात नफा दिसत होता, म्हणूनच त्याने एवढी रक्कम मोजली. अर्थात मूळ मक्ता किती सैल दराने दिला होता, याचा हिशेब या दोन विक्रीव्यवहारांनीच मांडून दाखवला.

एडमंड बर्कने हेस्टिंग्जवर जे आरोप ठेवले, त्यांत या कंत्राटांचे एक स्वतंत्र कलम होते. १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुरू झालेला तो खटला सात वर्षे रेंगाळला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज सर्व आरोपांतून मुक्त झाला. बर्कच्या वक्तृत्वाची चर्चा आपण इंग्रजी साहित्याच्या इतिहासात वाचतो. रोहिल्ले, चेतसिंग आणि अवधच्या बेगमा यांच्या कहाण्याही वाचतो. बैल, तांदूळ आणि अफूच्या पेट्या मात्र या नाट्यात मागच्या रांगेत राहिल्या. आमच्या मते राज्यकारभाराच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व कमी नाही.

अशा व्यवहारांच्या बाजूने तेव्हा जी समर्थने होती, ती आजही जशीच्या तशी ऐकू येतात. पहिले समर्थन निकडीचे : एकीकडे मराठ्यांशी युद्ध, दुसरीकडे हैदर अली, अशा वेळी जाहिराती देत बसायचे काय? दुसरे दर्जाचे : सर्वांत कमी बोली लावणारा माणूस पुढे हलका माल देतो किंवा काम अर्धवट टाकून पळतो. तिसरे विश्वासाचे : अनोळखी स्वस्त माणसापेक्षा ओळखीचा भरवशाचा माणूस बरा. यांतील एकही समर्थन मुळात खोटे नाही, ही खरी अडचण आहे. युद्ध खरेच चालू होते. हलका माल देणारे कंत्राटदार खरेच असतात. पण सलिव्हनच्या मक्त्याला यांपैकी कोणते कारण लागू पडते? निकड म्हणावी तर मक्ता चार वर्षांचा. दर्जा किंवा भरवसा म्हणावा, तर ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याने काम दुसऱ्याला विकून टाकले. खरे कारण कौन्सिलच्या दप्तरात लिहिता येण्याजोगे नव्हते. माणूस आधी ठरला होता; कारणे मागाहून आली.

३

येथवर वाचून कुणी म्हणेल की मग उपाय सोपा आहे : सगळ्याचा लिलाव करा. इतिहासाने तोही प्रयोग करून ठेवला आहे, आणि तो आपल्या पुण्यातच झाला.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९६ ते १८१८ या काळात, मामलती अधिक रक्कम देणाऱ्याला मक्त्याने देण्याची पद्धत बोकाळली. एखाद्या परगण्याचा सारा वसूल करण्याचा हक्क जो सर्वांत जास्त बोली लावील त्याच्याकडे जाई. तो आपला हक्क तुकडे करून खालच्यांना विके, ते आणखी खालच्यांना, आणि शेवटी हा बोजा गावच्या पाटलावर व पाटलाकडून कुणब्यावर येऊन पडे. पुढल्या वर्षी आणखी मोठी बोली आली की आधीचा मक्तेदार गेलाच म्हणून समजावे. तेव्हा हाती आहे तोवर ओरबाडून घ्यावे, हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरे. पेशवाई गेल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीने मुलखाची कशी दैना केली याचे वर्णन आहे. एल्फिन्स्टन जिंकणाऱ्यांच्या बाजूचा होता हे लक्षात ठेवूनही त्याचे हे निरीक्षण नाकारता येत नाही.

आता कलकत्त्याचा मक्ता आणि पुण्याची मामलत शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. तेथे स्पर्धा मुळीच नव्हती. येथे स्पर्धेखेरीज काहीच नव्हते. तेथे मर्जीने दिले, येथे बोलीने दिले. तरीही दोन्हीकडे साखळी एकच दिसते : हक्क एकाला, त्याने विकला दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि प्रत्येक विक्रीत वाढलेली किंमत वसूल व्हायची ती सर्वांत खालच्या माणसाकडून. बिहारमधील अफू पिकवणाऱ्या रयतेला तर दोन्ही बाजूंनी वाट बंद होती. वर कंपनीसाठी पुरवठादार एकच होता, आणि खाली रयतेसाठी खरेदीदारही एकच. दर ठरवणारा तो, माल तोलणारा तो, आगाऊ रक्कम गळी उतरवणाराही तोच. हेस्टिंग्ज मायदेशी परतल्यावर १७८५ मध्ये अफूचे कंत्राट जाहीर बोलीने देण्यात येऊ लागले. कंपनीच्या तिजोरीला त्याचा फायदा झाला असेल. परंतु चढ्या बोलीने मक्ता घेतलेल्या कंत्राटदारांनी तो खर्च भेसळीतून आणि रयतेकडूनच भरून काढला. अखेरीस १७९७ मध्ये कंपनीने कंत्राटपद्धत सोडून आपल्या एजंटामार्फत थेट अफू घेण्यास सुरुवात केली. रयतेचा गिऱ्हाईक बदलला, गिऱ्हाइकांची संख्या बदलली नाही.

तात्पर्य, स्पर्धा हे एक साधन आहे. भाव रास्त आहे की नाही, हे ती बऱ्यापैकी तपासते. काम कोण करणार, कसे करणार आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजणार, हे प्रश्न ती आपण होऊन विचारत नाही. ते देणाऱ्यालाच विचारावे लागतात. म्हणून ‘स्पर्धा होती की नव्हती’ एवढ्यावर कोणत्याही खरेदीचा निवाडा करता येत नाही.

४

मग बिनस्पर्धेची खरेदी केव्हा योग्य? आधी ज्या समर्थनाचा सर्वाधिक आधार घेतला जातो ते निकडीचे समर्थन तपासू. त्यासाठी कंपनी सरकार सोडून स्वतंत्र भारतात येऊ.

१९४८ साली काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि सैन्याला वाहने हवी होती. लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची कार्यपद्धती बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी जीपगाड्यांसाठी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. गाड्या नव्या नव्हत्या, दुरुस्त केलेल्या होत्या. प्रत्यक्षात १५५ गाड्या भारतात पोहोचल्या आणि त्याही सैन्याच्या वापरास योग्य नसल्याचे आढळले. हे प्रकरण संसदेत आणि लोकलेखा समितीसमोर गाजले. पुढे ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारपुरते हे प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. १९५६ च्या फेब्रुवारीत मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात दोष सिद्ध झाला नाही, हेही येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

या प्रकरणात कुणाचा हेतू काय होता, याची चिकित्सा आम्हांस करावयाची नाही. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातला एकच धडा पुरेसा आहे. निकड खरी होती. परंतु निकडीची एक अट असते : ज्या घाईसाठी नियम बाजूला ठेवला, ती घाई त्या खरेदीने भागली पाहिजे. गाड्या वेळेवर आल्या नाहीत आणि आल्या त्या चालल्या नाहीत. म्हणजे ज्या कारणाने स्पर्धा टाळली ते कारणच खरेदीने पूर्ण केले नाही. निकड हे कारण सर्वांत प्रामाणिक असू शकते आणि सर्वांत लबाडही, कारण ती ओसरल्यावर तिची मोजदाद करणे कठीण जाते. पूर, भूकंप, साथ यांत दाराशी उभ्या असलेल्या पहिल्या व्यापाऱ्याकडून तंबू आणि औषधे घेणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल. तोच अधिकारी साथ ओसरल्यावर दोन वर्षांनीही त्याच व्यापाऱ्याकडून त्याच दराने घेत राहिला, तर निकड संपून मर्जी सुरू झाली असे समजावे. निकडीला तारीख असते. ज्या निकडीला शेवटची तारीख लिहिलेली नाही, ती निकड नव्हे.

५

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण पाहू, कारण एकाच पुरवठादाराकडून घेतले म्हणजे पाप झाले अशी समजूत होऊ नये.

मतदान करून बाहेर पडताना डाव्या हाताच्या तर्जनीवर लावली जाणारी शाई आपण सर्वांनी पाहिली आहे. ही शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या संशोधनातून तयार झाली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. ते त्वचेवर आणि नखावर असा डाग पाडते की तो धुऊन जात नाही, जुनी त्वचा झडेपर्यंत आणि नख वाढून पुढे जाईपर्यंत टिकतो. १९६२ मध्ये निवडणूक आयोगाने कायदा मंत्रालय, ही प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ यांच्यासह म्हैसूरच्या एका सरकारी कारखान्याशी शाईच्या पुरवठ्याचा करार केला आणि त्याच वर्षीच्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत ती वापरली गेली. हा कारखाना १९३७ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत ‘म्हैसूर लॅक अँड पेंट वर्क्स’ या नावाने स्थापन झाला होता; आज तो ‘म्हैसूर पेंट्स अँड वॉर्निश लिमिटेड’ या नावाने कर्नाटक सरकारचा उपक्रम म्हणून चालतो. देशातील लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांसाठी शाई तेथूनच येते आणि अनेक परदेशांनाही तेथून निर्यात होते.

सहा दशकांहून अधिक काळ एकच पुरवठादार! सलिव्हनची चार वर्षे याच्यापुढे काहीच नाहीत. तरीही कोणत्याही समंजस माणसाला यात गैर वाटत नाही. का? आमच्या मते याची तीन कारणे आहेत. पहिले असे की येथे एकमेवता वस्तूच्या हेतूतूनच निर्माण होते. शाईचे सूत्र दहा कारखान्यांच्या हाती गेले, तर ती पुसण्याचे सूत्रही लवकरच अकराव्याच्या हाती जाईल. आणि मग एका माणसाने एकदाच मत द्यावे या तत्त्वालाच धक्का लागेल. म्हणजे स्पर्धा टाळल्याने ज्याचे रक्षण होते, ते पुरवठादाराचे हित नसून मतदाराचे हित आहे. दुसरे असे की हे कारण पुरवठा सुरू होण्याआधी ठरले, आणि चार संस्थांच्या सह्यांनी ठरले. तिसरे असे की कारखाना सार्वजनिक मालकीचा आहे; त्याचा नफा अखेर सरकारी तिजोरीतच जातो.

यातून एक जबाबदारीही निघते. जेथे दहा विक्रेते असतात, तेथे भाव तपासण्याचे काम बाजार करतो. जेथे एकच असतो, तेथे ते काम खरेदीदाराने स्वतः केले पाहिजे : कच्चा माल किती, मजुरी किती, मागील वर्षी दर काय होता आणि यंदा का वाढला. स्पर्धेला सुट्टी दिली म्हणून हिशेबाला सुट्टी मिळत नाही. उलट हिशेबाचे काम दुप्पट होते. एकाच दुकानातून घेणे हा सोपा मार्ग आहे असे ज्याला वाटते, त्याने तो मार्ग नीट चालून पाहिलेला नसतो.

६

इतिहासाने जे अनुभवातून शिकवले, ते नियमांनी हळूहळू शब्दबद्ध केले. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांची २०१७ ची आवृत्ती या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. तिच्यातील १६६ वा नियम एकाच पुरवठादाराकडे निविदा मागण्याची मुभा तीनच प्रसंगी देतो. एक, हवी असलेली वस्तू एकच कंपनी बनवते हे वापरणाऱ्या विभागाला ठाऊक असेल तेव्हा. दोन, आणीबाणीच्या प्रसंगी एका विशिष्ट ठिकाणाहूनच माल घेणे आवश्यक असेल तेव्हा. मात्र त्या निर्णयाचे कारण लेखी नोंदवून सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घेतली पाहिजे. तीन, आधीच्या यंत्राशी जुळणारे यंत्र किंवा सुटे भाग हवे असतील तेव्हा; तेथेही जाणकार तंत्रज्ञाचा सल्ला आणि वरिष्ठांची मान्यता हवी.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये मेरठच्या नगर निगमाच्या कत्तलखान्यासंबंधीच्या एका खटल्यात हाच विचार संविधानाच्या समतेच्या तत्त्वाशी जोडला. सार्वजनिक संस्थांची कंत्राटे जाहीर लिलावाने किंवा निविदेनेच दिली जावीत, आणि अपवाद विरळाच असावा, असे न्यायालयाने सांगितले. अपवादांची उदाहरणेही दिली : नैसर्गिक आपत्ती किंवा आणीबाणी, माल एकाच ठिकाणी मिळत असणे, पुरवठादाराकडे अनन्य हक्क असून दुसरा रास्त पर्याय नसणे, आणि वारंवार लिलाव पुकारूनही कुणी न येणे किंवा फार कमी बोली येणे. यात ‘ओळखीचा आहे’ हे कारण नाही, ‘नेहमी त्याच्याकडूनच घेतो’ हेही नाही. संचालक मंडळाच्या मूळ आदेशापासून येथवर सव्वादोनशे वर्षांचा प्रवास झाला. त्या आदेशात नियम होता. अपवाद कोणते आणि ते कुणी, कसे सिद्ध करायचे, हे नव्हते. आजच्या नियमात ते आहे. प्रगती म्हणायची तर ती ही.

केंद्राच्या या नियमांसोबत एक छोटासा नमुना-अर्जही आहे. एकाच कंपनीची वस्तू घ्यावयाची झाल्यास त्यावर सही करावी लागते. अमुक वस्तू अमुक कंपनी बनवते, असे त्यात लिहायचे असते. आणि दुसरी कोणतीही बनावट पुढील कारणांमुळे चालणार नाही, असे म्हणून खाली मोकळी जागा सोडलेली असते. सगळा प्रश्न त्या मोकळ्या जागेत एकवटलेला आहे. वॉरन हेस्टिंग्जला तो अर्ज भरावा लागला असता तर त्या जागी त्याने काय लिहिले असते?

७

आता महाविद्यालयांच्या जगाविषयी थोडे बोलणे भाग आहे, कारण नियम तेथेच खऱ्या अर्थाने जगतात किंवा मरतात.

आमच्या क्षेत्रात ‘तीन कोटेशन’ हा शब्दप्रयोग परवलीसारखा वापरला जातो. खरेदी लहान असो वा मोठी, फाइलला तीन दरपत्रके जोडलेली हवीत. हेतू उत्तम आहे. परंतु ती तीन दरपत्रके कशी गोळा होतात हे सर्वांनाच ठाऊक असते. ज्या दुकानदाराकडून घ्यायचे तोच उरलेली दोनही आणून देतो. लेटरहेड निराळी, आकडे थोडे चढे, आणि वेलांट्या-उकारांच्या चुका मात्र तिन्हींत सारख्या. भाषेच्या अध्यापकांना निदान ही शेवटची गोष्ट तरी लपत नाही. दुसरी रीत अधिक सभ्य आहे : यंत्राचे वर्णन एका कंपनीच्या माहितीपत्रकातून शब्दशः उतरवून घ्यायचे, म्हणजे निविदा जाहीर असूनही त्या वर्णनात दुसरे यंत्र बसतच नाही. येथे वस्तू एकमेव नसते. वर्णन एकमेव केलेले असते. ही मक्तेदारी बाजाराने नव्हे, टंकलिखित परिच्छेदाने दिलेली असते.

याची दुसरी बाजूही तितकीच दुःखद आहे. एखाद्या ग्रंथपालाला एखादे दुर्मीळ नियतकालिकाचे संच हवे असतात आणि ते एकाच माणसाकडे असतात; किंवा प्रयोगशाळेतील जुन्या उपकरणाचा एक भाग मूळ कंपनीखेरीज कुठे मिळत नाही. अशा वेळी तो सरळपणे एकाच ठिकाणाहून घेतो आणि लेखापरीक्षणात त्याच्या फाइलवर शेरा पडतो : तीन कोटेशन नाहीत. शेजारच्या फाइलवर तिन्ही खोटी कोटेशन व्यवस्थित टाचलेली असतात. ती विनातक्रार पुढे सरकते. या शेऱ्याची धास्ती घेऊन ग्रंथपाल पुढच्या वेळी काय करतो? एक तर संच घेतच नाही, आणि ते कुणा रद्दीवाल्याकडे जातात. नाहीतर तोही दोन खोटी कोटेशन जमवायला शिकतो. प्रामाणिक माणसाला खोटे लिहायला शिकवणारा नियम अंमलात आणणाऱ्यांनी आपण कशाचे रक्षण करीत आहोत, हे एकदा तपासून पाहावे. स्पर्धेच्या नावाने आपण स्पर्धेचा देखावा जपतो, आणि अपवादाचा मार्ग उघडा असतानाही तो कुणी वापरू नये अशी दहशत निर्माण करतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की प्रश्न ‘एक की अनेक’ असा विचारूच नये. तो ‘कारण आधी की नाव आधी’ असा विचारावा. शाईच्या बाबतीत कारण आधी होते. ते आजही मोठ्याने सांगता येते. सलिव्हनच्या बाबतीत नाव आधी होते. जीपगाड्यांच्या बाबतीत कारण होते, पण ते पूर्ण झाले की नाही हे वेळेवर पाहणारे कुणी नव्हते. बाजीरावाच्या मामलतीत तर कारण विचारण्याची गरजच संपली होती, कारण सर्वांत मोठा आकडा हेच कारण मानले गेले होते.

खरेदी समितीच्या बैठकीत हे तत्त्व आणायला फार काही लागत नाही. एकाच ठिकाणाहून घ्यायचे असेल तर पुरवठादाराचे नाव कागदावर येण्यापूर्वी चार ओळी लिहून घ्याव्यात : हीच वस्तू का, दुसरी का चालणार नाही, दर रास्त आहे हे कशावरून, आणि ही सवलत कोणत्या तारखेपर्यंत. त्या चार ओळी सूचनाफलकावर लावता येतील अशा असाव्यात. म्हणजे दुसरा कुणी पुरवठादार असेल तर तो येऊन सांगेल की ही वस्तू माझ्याकडेही मिळते. कुणी आला नाही, तर आपली चार वाक्ये खरी ठरली. कुणी आला, तर संस्थेचे चार पैसे वाचले. दोन्ही परिस्थितींत सही करणाऱ्याला मान खाली घालावी लागणार नाही, आणि त्यासाठी तीन लेटरहेडांचीही गरज पडणार नाही.